बैजनाथपाऱ्याचा हबीब

रायपुरात वस्तीला 'पारा' म्हणतात. बुढापारा, ब्राह्मणपारा, बैजनाथपारा, आणि तात्यापारा. या शेवटच्या नावातला तात्या आपला आणि पारा छत्तीसगढचा. दोघं एकमेकांना इतके चिकटलेत की त्यातला मराठी शब्द कोणता, हे इथल्या नव्या पिढीला मुद्दाम सांगावं लागतं. १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर नागपूरच्या भोसल्यांची फौज या मुलखात शिरली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. राज्य गेलं, माणसं मात्र राहिली. कुणी कचेरीत लागलं, कुणी शाळामास्तर झालं, कुणी वकिली केली. माधवराव सप्रे याच मातीत वाढले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. १९३५ पासून इथे महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती बसतो, नाटक होतं, दिवाळी अंक हातोहात फिरतात.

तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडे निघालं की रस्ता अरुंद होतो, दुकानं अंगावर येतात. तसंच पुढे जयस्तंभ चौक मागे टाकून जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरलं की बैजनाथपारा लागतो. पायी जाण्याजोगं अंतर. याच बैजनाथपाऱ्यात १ सप्टेंबर १९२३ रोजी हबीब अहमद खान जन्मला. कविता लिहायला लागल्यावर त्याने 'तनवीर' हे टोपणनाव घेतलं आणि जगाने त्याला हबीब तनवीर म्हणून ओळखलं.

आपल्याकडे हबीब तनवीर म्हटलं की 'चरणदास चोर' आठवतं. पुष्कळांना त्याच नावाचा श्याम बेनेगलांचा चित्रपट आठवतो, कारण त्यात अगदी कोवळी स्मिता पाटील आहे. त्यापलीकडे मराठी वाचकाला या माणसाची फारशी ओळख नाही, आणि ही उणीव मला फार वर्षं टोचत आली आहे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख ज्या चळवळीत गात होते, त्याच चळवळीत, त्याच मुंबईत, त्याच वर्षांत हबीबही होते. तिघांसमोर प्रश्न एकच होता: कष्टकऱ्याचं नाटक कष्टकऱ्याच्या तोंडून कसं यावं? अण्णाभाऊंना त्याचं उत्तर जन्मानेच मिळालं होतं. हबीब यांना ते सापडायला पंधरा वर्षं लागली. त्या पंधरा वर्षांत त्यांनी काय चुका केल्या आणि त्या कशा ओळखल्या, हेच मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

वडील पेशावरकडून आलेले, धार्मिक वृत्तीचे. नाटकाचा त्यांना तिटकारा. आजोळ मात्र छत्तीसगढचंच. मामांची खेड्यांत शेतीवाडी होती, आणि सुट्टीत तिथे गेलेला हा मुलगा शेतावरची, लग्नातली, पेरणीची गाणी ऐकून पाठ करायचा. घरात उर्दू, शाळेत हिंदी-इंग्रजी, शेतात छत्तीसगढी. रायपुरात कालीबाडीला दरवर्षी नाटकं होत. थोरला भाऊ त्यांत बायकांच्या भूमिका करायचा. असंच एक नाटक पाहताना लहानगा हबीब हमसून रडला होता, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमधून १९४० ला मॅट्रिक झाल्यावर ते पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेले. तेव्हा रायपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर, त्यामुळे शिकणाऱ्या पोराने नागपूरला जायचं ही रीतच होती. मॉरिस कॉलेजातून १९४४ ला बी.ए. झाले, थोडे दिवस अलिगढला एम.ए. साठी राहिले आणि १९४५ मध्ये मुंबईला आले.

त्या मुंबईबद्दल थोडं सांगायला हवं. इप्टा, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, १९४३ मध्ये मुंबईतच जन्माला आलं होतं. बंगालच्या दुष्काळाची छाया होती, युद्ध चालू होतं, गिरण्यांतून संप पेटत होते. १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला, पण सुरुवातीच्या गणातून गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कामकऱ्यांना मुजरा घातला, गवळण काढून टाकली, वगात सावकार आणि मालक आणले. गिरणगावातल्या चाळींसमोर हजारो लोक रात्री उशिरापर्यंत ऐकत बसायचे. हबीब याच वातावरणात आकाशवाणीवर काम करत होते, चित्रपटांवर लिहीत होते, एखादी छोटी भूमिका करत होते आणि इप्टाच्या हिंदी-उर्दू नाटकांत राबत होते. बलराज साहनी त्यांचे दिग्दर्शक. एका तालमीत हबीब यांना रडणं जमेना. बलराजजींनी सगळ्यांसमोर सणसणीत चपराक मारली. डोळ्यांत पाणी आलं आणि बलराजजी म्हणाले, आता हे शरीराला आठवेल. नटाची आठवण डोक्यात नव्हे तर अंगात राहते, हा धडा हबीब यांनी जन्मभर सांभाळला, पण चपराक मारण्याची रीत मात्र उचलली नाही.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इप्टा मोडकळीला आलं. कम्युनिस्ट पक्षाची धोरणं बदलत होती, कोण तुरुंगात, कोण बाहेर. १९५४ मध्ये हबीब दिल्लीला गेले आणि जामिया मिलियात त्यांनी 'आग्रा बाजार' उभं केलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला कवी नझीर अकबराबादी हा त्याचा विषय. आपल्याकडचा एखादा नाटककार काय करील? नझीरला मंचावर आणील, त्याच्या तोंडी कविता घालील. हबीब यांच्या नाटकात नझीर शेवटपर्यंत दिसतच नाही. दिसतो तो बाजार: काकडीवाला, लाडूवाला, पतंगवाला, पुस्तकवाला, मदारी. काकडीवाल्याचा माल खपत नाही, म्हणून त्याला काकडीवर एक कविता हवी आहे, आणि थोर म्हणवणारे कवी त्याला दारात उभं करत नाहीत. नझीर मात्र लिहून देतो आणि काकड्या खपतात. कविता कुणाची, हा प्रश्न त्यांनी वाद न घालता काकडीच्या टोपलीतून विचारला. आणि मंचावर विद्यार्थी आणि शिक्षकांच्या बरोबरीने ओखला गावची माणसं आणली. हे त्यांचं पहिलं मोठं नाटक.

त्यानंतर ते युरोपला गेले. १९५५ मध्ये लंडनची राडा (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट), मग ब्रिस्टल ओल्ड विकची नाट्यशाळा. तिथे शिकता शिकता त्यांना एक गोष्ट उमगली. इंग्रजी बोलण्याचे आणि हालचालीचे जे नियम तिथे शिकवले जात होते, ते त्यांच्या शरीराच्या भाषेचे नव्हते. मग ते युरोपभर फिरले. १९५६ मध्ये बर्लिनला पोचले तेव्हा जर्मन नाटककार ब्रेख्त यांचं नुकतंच, ऑगस्टमध्ये, निधन झालं होतं. पण त्यांची नाटकमंडळी जागेवर होती आणि ब्रेख्तनी बसवलेली नाटकं चालू होती. हबीब तिथे आठ महिने राहिले आणि रोज नाटक पाहिलं. मधेच गाणं घालणं, प्रेक्षकांना थेट सांगणं, रंगमंच मोकळा ठेवणं हे सगळं बघताना त्यांना आपली खेड्यातली नाटकं आठवली. हे तर आमच्याकडे आहेच, असं त्यांना वाटलं. पुष्कळ लोक ब्रेख्तमुळे लोककलेकडे वळले, पण हबीब यांच्या बाबतीत त्याहून थोडं वेगळं घडलं. लोककला लहानपणीच कानात बसलेली होती, ब्रेख्तच्या मंडळीत राहिल्यावर तिची किंमत कळली.

१९५८ च्या उन्हाळ्यात ते रायपूरला घरी आले. आणि एका रात्री, ज्या शाळेतून ते मॅट्रिक झाले होते तिच्याच मैदानात, त्यांनी नाचा पाहिला.

'नाचा' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगणं अवघड नाही. गावातल्या मोकळ्या जागेत रात्री नऊ-दहाला सुरू होतो आणि पहाटे संपतो. प्रेक्षक तीन बाजूंनी. 'जोक्कड' म्हणजे आपला सोंगाड्या, आणि 'परी' म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष, आपला नाच्या. गाणी, नाच आणि मधे मधे प्रहसनं. या प्रहसनाला छत्तीसगढीत काय म्हणतात? गम्मत. आणि जुन्या नाचात वादक उभे राहून, वाद्यं कमरेला बांधून साथ करायचे, म्हणून त्याला खडा साज म्हणत. इथे विदर्भातला वाचक थबकेल. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत जी खडी गंमत होते, तिच्यातही शाहीर, ढोलकीवाला, सोंगाड्या आणि बाईच्या वेशातला नाच्या रात्रभर उभेच असतात. मराठा छावण्यांमधल्या करमणुकीतून नाचा घडला, असं छत्तीसगढचे काही अभ्यासक मानतात. त्यावर आपण हक्क सांगायला जाऊ नये. ज्या शेतकऱ्याने तो दोनशे वर्षं जगवला, त्याचाच तो. पण राजनांदगाव आणि गोंदिया यांच्यामधली सीमा ही नकाशावरची आहे, ढोलकीला ती कधीच ठाऊक नव्हती, एवढं खरं.

या नाचाला आधुनिक रूप दिलं ते राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ दुलारसिंग साव यांनी. लोक त्यांना दाऊ मंदराजी म्हणत. 'दाऊ' म्हणजे गावचा जमीनदार. या जमीनदाराने आपली जमीन नाचापायी विकली. त्यांनी रवेली साज ही मंडळी उभारली, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणलं, मशालीच्या जागी पेट्रोमॅक्स आणला, आणि प्रहसनांत जातिभेद, बालविवाह, इंग्रजांचा जुलूम हे विषय घातले. शंभर एकरांचा धनी म्हातारपणी कफल्लक होऊन १९८४ मध्ये गेला. आज त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार आहे. अण्णाभाऊंची तरी पुस्तकं उरली. मंदराजींची गंमत लिहिलेली कुठेच नाही. ती जी काही आहे, ती नटांच्या अंगात.

त्या रात्री शाळेच्या मैदानात हबीब यांनी पाहिलेले नट होते मदनलाल निषाद, ठाकूरराम, बाबूदास आणि भुलवाराम. प्रयोग पहाटेपर्यंत चालला. संपल्यावर हबीब त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, माझ्याबरोबर दिल्लीला याल का? ते तयार झाले. मग मोहरी वाजवणारा जगमोहन रायपुरातच मिळाला आणि राजनांदगावला लालूराम सापडला. सहा शेतकरी-मजूर दिल्लीला निघाले, बहुतेक निरक्षर. त्यांना 'मृच्छकटिक'वरून केलेल्या 'मिट्टी की गाडी'त उतरवलं. दिल्लीतल्या जाणकारांनी नाकं मुरडली. संस्कृतचं अभिजात नाटक आणि त्यात ही गावठी माणसं! हबीब ठाम राहिले. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी आणि मोनिका मिश्र यांनी 'नया थिएटर' काढलं. मोनिकाजी त्यांच्या सहचारिणी झाल्या आणि २००५ मध्ये जाईपर्यंत त्या मंडळीचा सगळा भार त्यांनीच वाहिला.

आता पंधरा वर्षांच्या चुकीबद्दल.

ठाकूरराम हा गावात हजार लोकांना रात्रभर खिळवून ठेवणारा नट. दिल्लीच्या तालमीत हबीब त्याला सांगायचे: हे वाक्य म्हणत डावीकडे तीन पावलं जा, तिथे थांब, मग वळून पुढचं वाक्य म्हण. आणि वाक्य हिंदीत. ठाकूररामचे पाय अडायचे. डावं-उजवं चुकायचं, पाऊल आठवलं की वाक्य विसरायचं. गावच्या नाचात तो प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहून फिरत असे. ज्या बाजूने दाद येई तिकडे वळे, दाद मोठी आली तर तेच वाक्य पुन्हा म्हणे. इथे त्याला खडूने आखलेल्या जागेवर उभं केलं होतं. ज्याने आयुष्यात पाटी-पेन्सिल धरली नाही, त्याच्यापुढे कागदावर लिहिलेलं नाटक ठेवलं होतं. हबीब डोकं धरून बसायचे. नट इतका मोठा, मग हे असं का होतं? वर्षानुवर्षं ते त्याच्यावर मेहनत घेत राहिले, आणि तो अधिकच लाकडासारखा होत गेला.

एक दिवस त्यांना कळलं की दोष आपला आहे. परभाषा लादली, आणि त्यावर हालचालीची बेडी घातली. त्यांनी दोन्ही काढून टाकलं. तुमच्या बोलीत बोला, हवं तसं फिरा. आणि त्याच नटांनी रंगमंच पेटवला.

हे सगळं हबीब यांनी स्वतः सांगितलेलं आहे, आणि अशा कबुलीला मी कलेतला सगळ्यात मोठा राजकीय विचार मानतो. डाव्या विचाराचा, लंडन-बर्लिन पाहिलेला दिग्दर्शक श्रमिकांवर प्रेम करूनही त्यांच्याच नटाला मुका करू शकतो. घोषणा त्याच्या बाजूच्या असतात, पण भाषा आणि पावलं मालकाची. अण्णाभाऊंना हे ओझं कधीच नव्हतं. वाटेगावच्या मातंग वस्तीतून मुंबईला चालत आलेला माणूस स्वतःच्याच बोलीत गात होता. हबीब मात्र उर्दू शायर आणि शिकलेला माणूस. त्यांना स्वतःचं तोंड बंद ठेवून कान उघडावे लागले.

१९७३ मध्ये रायपुरात महिनाभराचं नाचा शिबिर झालं. हबीब यांनी गावोगावच्या कलावंतांना बोलावलं आणि तीन पारंपरिक गंमती एकत्र गुंफून 'गाव के नाव ससुरार, मोर नाव दमाद' हे नाटक उभं केलं. लिहिलेली संहिता नव्हतीच, नट बोलत गेले, हबीब ऐकत आणि छाटत गेले. दिल्लीत पूर्ण छत्तीसगढी नाटक चाललं आणि गर्दीने चाललं. याच काळात देवार समाजाच्या बाया मंडळीत आल्या. देवार हे भटके, गाणारे, वाजवणारे लोक. त्यांच्या बायका आधीच नाचत-गात असत. फिदाबाई, मालाबाई आल्या आणि परीच्या जागी खरी बाई उभी राहिली. फिदाबाईंनी पुढे 'बहादुर कलारिन'मध्ये जी आई उभी केली, तिच्याबद्दल पाहणारे अजून सांगतात.

आणि मग 'चरणदास चोर'. राजस्थानचे विजयदान देथा यांनी सांगितलेली लोककथा. एक चोर साधूपुढे थट्टेत चार पण करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, माझ्या सन्मानाच्या मिरवणुकीत हत्तीवर बसणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. साधू पाचवा घालतो, खोटं बोलणार नाही. मग एकेक करून तेच सगळं त्याच्यापुढे येतं. राणीला नकार दिल्याबद्दल त्याला मारलं जातं. भिलाईच्या शिबिरात हे बसवायला घेतलं तेव्हा हबीब यांना सतनामी समाजाचं पंथी गाणं आठवलं. गुरू घासीदास यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात छत्तीसगढच्या दलितांना सत्याचा पंथ दिला. मांदरच्या ठेक्यावर गोल करून नाचत, वेग वाढवत गातात ती पंथी. चोराच्या नाटकात सत्याचं हे गाणं येऊन बसलं आणि नाटकाचं रूपच पालटलं. कायदा पाळणारे सगळे खोटे आणि खरं बोलणारा एकटा चोर, ही गोष्ट मग नुसती विनोदी राहिली नाही.

१९७५ ला ते दिल्लीत गाजलं. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट मिळालं. नया थिएटरची ही माणसं स्कॉटलंडच्या लोकांसमोर छत्तीसगढी बोलली, आणि लोकांना कळलं.

हबीब यांच्या राजकारणाबद्दल बोलताना लोक पद आणि पुरस्कार मोजतात: १९७२ ते ७८ राज्यसभा, पद्मश्री, पद्मभूषण. ते सोडून देऊ. १९८५ चं 'हिरमा की अमर कहानी' घ्या. १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात बस्तरचे राजे प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासाठी जमलेले आदिवासी मारले गेले, त्या घटनेची सावली या नाटकावर आहे. डाव्या नाटककाराने राजाला खलनायक करावं हे अपेक्षित. हबीब यांनी ते केलं नाही. ज्यांना लोकशाही देतो म्हणून तुम्ही आलात, त्यांनाच तो राजा हवा असेल तर काय कराल, असा प्रश्न त्यांनी ठेवला आणि उत्तर दिलं नाही. १९८८ मध्ये सफदर हाश्मींबरोबर 'मोटेराम का सत्याग्रह' केलं. पुढच्याच जानेवारीत साहिबाबादला पथनाट्य चालू असताना सफदरवर जीवघेणा हल्ला झाला. १९९० मध्ये असगर वजाहत यांचं 'जिस लाहोर नई देख्या' आलं. २००२ मध्ये भोपाळच्या वायुकांडावर 'जहरीली हवा'.

पण सगळ्यात मोठा संघर्ष ज्या नाटकावरून झाला, ते हबीब यांनी लिहिलेलंच नव्हतं. 'पोंगा पंडित' ऊर्फ 'जमादारिन' ही जुनी गंमत. देवळात झाडूवाली येते, पंडित सोवळ्याचं नाटक करतो, आणि शेवटी त्याचं सोंग उघडं पडतं. नाचा मंडळ्या ती कित्येक दशकं गावोगाव करत होत्या आणि लोक पोट धरून हसत होते. १९९२ नंतर अचानक तिच्यावर आक्षेप सुरू झाले, कारण प्रयोग करणाऱ्याचं नाव हबीब होतं. २००३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात दौरा चालू असताना ठिकठिकाणी प्रयोग उधळले गेले. ऐंशीला टेकलेले हबीब प्रयोग बंद करायला तयार नव्हते. ही गंमत हिंदू नटांची आहे, त्यांच्या आज्यापणज्यांनी केलेली आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. याच काळात सुधन्वा देशपांडे आणि संजय महर्षी त्यांच्यावर माहितीपट करत होते. सुधन्वा म्हणजे आपल्या गो. पु. देशपांड्यांचे चिरंजीव. मराठी घरातल्या मुलाने हे सगळं चित्रित करून ठेवलं, याचा मला अभिमान वाटतो.

८ जून २००९ रोजी हबीब भोपाळमध्ये गेले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांतच छत्तीसगढ सरकारने शाळांतल्या पुस्तक-वाचन सप्ताहातून 'चरणदास चोर' मागे घेतलं. एका सतनामी गुरूंनी आक्षेप घेतला होता. ज्या पंथाच्या गाण्याने नाटक उभं राहिलं, त्याच पंथाच्या नावाने ते बाजूला सारलं गेलं. दुखावलेल्या माणसाचं म्हणणं ऐकलं पाहिजे हे मान्य, पण मुलांच्या हातून पुस्तक काढून घेणं हा त्याचा मार्ग नव्हता.

आता त्यांच्याविषयीचा एक आरोपही लिहिला पाहिजे. छत्तीसगढात असं बोललं जातं की हबीब यांनी रवेलीसारख्या मंडळ्यांतले उत्तम नट उचलून नेले आणि गावातला नाचा पोरका केला. नाव त्यांचं झालं, नट गरीबच राहिले. यात तथ्य आहे. पेरणी आली की नट गावी जायचे, पैशांवरून भांडणं व्हायची, मंडळी फुटायची. गोविंदराम निर्मलकर १९६० पासून त्यांच्याबरोबर होते, लालूराम यांच्यानंतर त्यांचाच चरणदास गाजला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि तंगीत गेली आणि २०१४ मध्ये ते वारले. पण या आरोपाची दुसरी बाजूही आहे. लालूराम, फिदाबाई, भुलवाराम, गोविंदराम ही नावं आज आपण घेतो. तमाशाच्या किती सोंगाड्यांची नावं आपल्याला घेता येतात? हबीब यांनी नटाला त्याच्या नावासकट जगापुढे उभं केलं. पोटाची सोय मात्र ते करू शकले नाहीत, आणि ती एका माणसाने करायची गोष्टच नव्हती.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजनांदगावहून एक चित्रफीत देशभर फिरली. पूनम तिवारी, नया थिएटरच्या नामवंत गायिका-अभिनेत्री. घरात तरुण मुलाचं पार्थिव ठेवलेलं आणि आई त्याच्या उशाशी उभी राहून गाते आहे. देह मातीचा आहे असं सांगणारं ते गाणं तिने नया थिएटरच्या मंचावर वर्षानुवर्षं गायलं होतं. मंडळीतल्याच मुलांनी हार्मोनियम आणि ढोलक धरलेली. आवाज एकदाही फाटत नाही. ती ओळ संपवते, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहते, पुढची ओळ उचलते. मी ती चित्रफीत एकदाच पाहिली, दुसऱ्यांदा पाहवली नाही. बलराज साहनींनी हबीबला जे शिकवलं होतं, आणि हबीब यांनी ठाकूररामकडून जे नव्याने शिकून घेतलं होतं, ते त्या बाईच्या अंगात होतं. शिकवून येणारं हे गाणं नव्हे.

दिवाळीत हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा झाडीपट्टीत धान कापणीला आलेलं असेल. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या गावांत मंडई भरते आणि खडी गंमत उभी राहते. त्याच दिवसांत सीमेपलीकडे राजनांदगावच्या गावांत मडई भरते आणि नाचा सुरू होतो. मंडई आणि मडई, गंमत आणि गम्मत. हावडा-मुंबई मार्गावर गोंदियाहून राजनांदगावला जाणारी गाडी दिवसातून कितीतरी वेळा सुटते. आमच्या रायपूरच्या मंडळाला आणि नागपूर-गोंदियाच्या नाट्यसंस्थांना माझं एकच मागणं आहे. यंदा एका रात्री, एकाच मैदानात, एक खडी गंमत आणि एक नाचा मंडळी बोलवा. मंच बांधू नका, खुर्च्या मांडू नका, लोकांना तीन बाजूंनी जमिनीवर बसू द्या. कलावंतांना बिदागी आधी द्या. आणि पहाटेपर्यंत उठू नका.